रोवणीपासून मंडईपर्यंत

एका माणसापासून सुरुवात करतो. वय पासष्ट. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं गाव, चार एकर धान, एक बोडी, दोन बैल. जुलैत रोवणी चालू असताना हा गडी बांधीच्या धुऱ्यावर उभा राहून कोणत्या बाईचे किती दिवस भरले आणि कोणाला किती उचल दिली ते तोंडपाठ सांगत होता. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवताना त्यानं एकच शिंग दोनदा रंगवलं आणि दुसरं कोरं ठेवलं. पोरं हसली, तोही हसला. दसऱ्याला घरातल्या घरात न्हाणीची वाट चुकू लागला. दिवाळीनंतर गावची मंडई भरली, रात्री नाटक होतं. दरवर्षी पुढची जागा धरून पहाटेपर्यंत नाटक पाहणारा हा माणूस मांडवात बसून शेजारच्याला विचारत होता, "हे कोणाचं लगन होय?" शेजारी त्याचा सख्खा भाऊ बसला होता.

हा माणूस मी रचलेला आहे. त्याचं दुखणं मात्र रचलेलं नाही. जुलैत हिशेब आणि नोव्हेंबरात भाऊ न ओळखणं, या उताराचे आजार खरे आहेत, नावासकट माहीत आहेत, आणि त्यांतले बरेच असे आहेत की वेळेवर हाती लागले तर माणूस पुन्हा धुऱ्यावर उभा राहू शकतो. या पुस्तकाचा विषय तेवढाच आहे. झपाट्यानं वाढणारा स्मृतिभ्रंश.

आपल्या भाषेत म्हातारपणाच्या विसराळूपणाला जागा आहे. साठी बुद्धी नाठी म्हणतो, म्हातारचळ म्हणतो, गोंदियाकडच्या झाडीपट्टीत सरळ "बुढा भुलला" म्हणतात आणि कामाला लागतात. या शब्दांत एक प्रकारची समजूत आहे, मायाही आहे. वर्षानुवर्षं हळूहळू विसरत जाणाऱ्या माणसाला घरात सामावून घेण्याची तयारी त्यांत आहे. दुसऱ्या टोकालाही शब्द आहे. तापात माणूस बरळायला लागला, अंथरुणावरचे नसलेले किडे वेचायला लागला, की जुनी माणसं म्हणत, "वात झाला." तो तासांचा, दिवसांचा मामला. ताप उतरला की माणूस शुद्धीवर. म्हणजे वर्षांसाठी चळ आणि दिवसांसाठी वात. मधल्या आठवड्यांसाठी आणि महिन्यांसाठी मराठीत शब्दच नाही. माझ्या रचलेल्या शेतकऱ्याचं दुखणं नेमकं या बिनशब्दाच्या जागेत पडतं. आणि ज्या जागेला शब्द नसतो तिथे लोक हाताशी असलेला शब्द ठेवतात: बाधा, करणी, कोणाची तरी नजर.

डॉक्टरांचंही फार वेगळं नाही. त्यांच्या शब्दकोशात शब्द आहे, पण दुपारी बारा वाजता बाह्यरुग्ण विभागात दीडशे माणसं रांगेत असताना "वय किती? पासष्ट? मग वयाचंच असेल" हे वाक्य जिभेवर तयार असतं. हे वाक्य नेहमीच चुकीचं नसतं, म्हणून तर ते टिकून आहे. भारतात साठीपुढच्या माणसांपैकी सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे असा अंदाज देशव्यापी पाहणीतून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. यांतल्या बहुसंख्यांचा आजार सावकाश चालणारा, अल्झायमर किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा. अल्झायमर साधारण आठ-दहा वर्षं चालतो. त्यात कुटुंबाला शिकायला वेळ मिळतो: कुलूप कुठे लावायचं, गॅसची शेगडी कशी लपवायची, बाबांना एकटं बाजारात कधी सोडायचं नाही. झपाट्याच्या आजारात तेवढा वेळ मिळत नाही. लक्षणं सुरू झाल्यापासून आठवड्यांत किंवा महिन्यांत, फार तर वर्ष-दोन वर्षांत, माणूस स्वतःचं रोजचं जगणं चालवू शकत नाही इथवर आला तर मेंदूचे डॉक्टर त्याला या वर्गात घालतात. यात वेग हेच मुख्य लक्षण. विसरणं तर दोन्हीकडे आहे.

गोंदिया जिल्हा यासाठी का घेतला, असं कोणी विचारेल. आजार काही जिल्हा पाहून येत नाहीत. पण निदान जिल्हा पाहून होतं. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा. धानाचा, भातगिरण्यांचा, मामा (माजी मालगुजारी) तलावांचा, सारसांचा. नकाशावर रेल्वेचं मोठं जंक्शन; हावडा-मुंबई मार्ग इथून जातो, एक फाटा बल्लारशाहकडे, एक जबलपूरकडे. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव हे जंगलाचे तालुके. गोंदिया शहरात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ही मोठीच सोय. पण आठवड्याला बदलत जाणाऱ्या मेंदूच्या आजाराचा पुरता छडा लावायचा म्हणजे बहुतेकदा नागपूर, आणि नागपूर दूर. दूर किलोमीटरांनी तर आहेच, शिवाय धान कापणीला आलं असताना बुढ्याबरोबर दोन धडधाकट माणसं चार दिवस घराबाहेर काढायची, हा हिशेबही आहे. तो हिशेब घरी बसून होतो, आणि त्यात "वयाचंच असेल" हे वाक्य फार उपयोगी पडतं.

म्हणून माझा आग्रह एकाच प्रश्नावर आहे: कधीपासून?

हा प्रश्न सगळेच डॉक्टर विचारतात, आणि उत्तर बहुधा येतं, "झाले बरेच दिवस." या उत्तरानं काही कळत नाही. तारीख विचारली तर माणूस गोंधळतो. पण झाडीपट्टीतल्या घरांत वर्ष इंग्रजी तारखांनी मोजतच नाहीत. मोहफुलं वेचायची तेव्हा ठीक होते का? तेंदूच्या हंगामात फळीवर पुडे मोजत होते ना? पऱ्हे टाकले तेव्हा? रोवणीत मजुरी कोणी वाटली? पोळ्याला, दसऱ्याला, मंडईला? असं विचारत गेलं की आजाराचा आलेख आपोआप कागदावर उतरतो, आणि कोणत्याही यंत्राच्या अहवालाइतकाच तो मोलाचा असतो. घरातल्या भिंतीवर कालनिर्णय असतंच. त्यावर दुधाचे रतीब, सिलेंडर कधी लावला, गाय कधी फळवली हे सगळं सुनेच्या अक्षरात असतं. तिथेच एखाद्या चौकटीत "आज बाबा बांधीवरून परत येताना वाट चुकले" एवढं लिहिलं गेलं तर नागपूरच्या डॉक्टरांसमोर ते पान ठेवता येतं. एक सावधगिरी मात्र हवी. घरचे बहुधा पहिली ठसठशीत घटना सांगतात, पहिली बारीक घटना नाही. वाट चुकण्याच्या आधी दोन महिने माणूस बाजारातून सुटे पैसे न मोजता आणत असतो. ते धाकट्या सुनेला माहीत असतं, थोरल्या मुलाला नसतं.

आता कारणांकडे येतो. पुढच्या प्रकरणांत ती सविस्तर आहेत, इथे मी मला भावलेल्या क्रमानं सांगणार आहे. पाठ्यपुस्तकाचा क्रम वेगळा असतो.

पहिला क्रम मी डोक्याच्या माराला देतो, कारण तो सर्वात साधा आणि सर्वात जास्त निसटणारा. जुन्या घरांचे दरवाजे ठेंगणे. आत जाताना चौकटीवर डोकं आपटलं, बैलगाडीतून उतरताना तोल गेला, सायकलवरून पडलो, जखम नाही, रक्त नाही, चार दिवसांत विसरलं. म्हातारपणी मेंदू थोडा आकसतो, त्यामुळे मेंदूच्या पृष्ठभागावरून कवटीच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणलेल्या असतात. हलक्याशा धक्क्यानं त्यातली एखादी फुटते आणि थेंबाथेंबानं रक्त साचायला लागतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आणखी. दोन आठवडे, चार आठवडे, कधी दोन महिने, तो गोळा मेंदूला हळूच बाजूला रेटत राहतो. माणूस सुस्त होतो, चालताना लडखडतो, एका बाजूची चप्पल पायातून निसटते, बोलण्याचा धागा सुटतो. लोक म्हणतात, वय झालं. खरं कारण एका सीटी स्कॅनवर दिसतं, आणि कवटीला छोटी छिद्रं पाडून साचलेलं रक्त काढलं की पुष्कळदा माणूस थोड्याच दिवसांत हिशेब सांगायला लागतो. या पुस्तकातलं एकच प्रकरण कोणाला वाचायला वेळ असेल तर त्यानं हे वाचावं. मार आणि लक्षण यांत इतकं अंतर असतं की घरचे दोन्ही गोष्टी जोडतच नाहीत. म्हणून "पडले होते का?" एवढं विचारून थांबू नये. "गेल्या तीन महिन्यांत पडले होते का?" असं विचारावं.

मिठाचं प्रकरण थोडक्यात. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे सोडियम बाहेर टाकतात. त्यात उन्हाळा, त्यात "तुम्ही मीठ बंद करा" हा सल्ला जरा जास्तच मनावर घेतलेला, त्यात उलट्या-जुलाब. रक्तातलं सोडियम घसरलं की माणूस दिवसांत बावचळतो. हे खरं तर वाताच्या जातीचं, पण हळूहळू घसरलं तर विसरण्यासारखं दिसतं. तसंच थायरॉइडचं, तसंच ब-१२ जीवनसत्त्वाचं; मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ते आणखी घसरतं. या रक्ततपासण्या स्वस्त आहेत. त्या न करता "स्मृतिभ्रंश" असं कागदावर लिहू नये, एवढी माझी तक्रार मी नोंदवून ठेवतो.

धानाच्या जिल्ह्यात धानाचीच एक गोष्ट सांगायला हवी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमान नावाचा डच डॉक्टर बेरीबेरी या आजाराचा जंतू शोधत होता. त्याच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या लुळ्या पडल्या, आणि मग एकाएकी बऱ्या झाल्या. चौकशीअंती कळलं की मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला पांढराशुभ्र कांडलेला भात मिळत होता, आणि नव्या स्वयंपाक्यानं "लष्कराचा भात नागरी कोंबड्यांना नाही" म्हणून तो बंद केल्यावर त्या सुधारल्या. जंतू नव्हताच. कांडताना कोंड्याबरोबर निघून जाणारं काहीतरी हवं होतं. ते पुढे ब-१, थायामिन, म्हणून ओळखलं गेलं, आणि आइकमानला १९२९ मध्ये नोबेल मिळालं. धान उकडून मग सडलं तर कोंड्यातलं ब-१ दाण्यात मुरतं, म्हणून उसना तांदूळ या बाबतीत पांढऱ्या तांदळापेक्षा बरा. भात खाणाऱ्या प्रत्येकाला मेंदूचा आजार होतो असं यातून कोणी काढू नये. डाळ, भाजी, अंडं पोटात जात असेल तर काही होत नाही. पण रोज मोहाची, जेवण नाही, त्यात आठवडाभर उलट्या, अशा माणसाचं ब-१ संपतं, आणि मग डोळे नीट फिरत नाहीत, पाय झोकांड्या खातात, डोकं गोंधळतं. कार्ल वेर्निके यानं हे १८८१ मध्ये वर्णन केलं. वेळेत ब-१ टोचलं तर थांबतं. वेळ गेली तर नवं काही लक्षातच न राहणारी अवस्था कायमची उरते. आणि इथे आपल्या आवडत्या उपायाचा धोका आहे: "अशक्तपणा आहे, एक सलाईन लावा." त्या बाटलीत पुष्कळदा साखर असते. ब-१ न देता नुसती साखर चढवली तर उरलंसुरलं ब-१ ती साखर पचवण्यात खर्ची पडतं. आधी ब-१, मग सलाईन, हा क्रम प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर रंगवायला हवा.

जंतूंमुळे होणाऱ्या आजारांत आपल्याकडे क्षयाला विसरून चालत नाही. मेंदूच्या आवरणाचा क्षय एकदम येत नाही. आठवडा-दोन आठवडे बारीक ताप, डोकेदुखी, चिडचिड, जेवणात लक्ष नाही, मग गुंगी. म्हाताऱ्या माणसात ताप ठळक नसेल तर नुसता "स्वभाव बदलला" एवढंच दिसतं. पाठीतून पाणी काढून तपासल्याशिवाय तो सापडत नाही, आणि पाठीतून पाणी काढलं की माणूस लुळा होतो अशी समजूत गावोगाव पक्की बसलेली. ती खोटी आहे. नागपूरच्या सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये या क्षयाच्या निदानावर वर्षानुवर्षं संशोधन झालं आहे. म्हणजे या आजाराचे जाणकार आपल्या विभागातच आहेत. उपदंशाचा मेंदूवरचा हल्ला आता क्वचित दिसतो, पण पेनिसिलिन येण्यापूर्वी युरोपातल्या वेड्यांच्या इस्पितळांत त्याचे रुग्ण खच्चून भरलेले असत. आजही ती तपासणी यादीत असते, आणि ती सांगितली म्हणून घरच्यांनी रागावू नये. डॉक्टर कोणाच्या चारित्र्याची तपासणी करत नसतो. जंगलपट्टीत फाल्सीपेरम मलेरियाही लक्षात ठेवावा लागतो; तो तर आठवडेसुद्धा देत नाही.

सर्वात नवल वाटावं असा भाग गेल्या वीस वर्षांतला आहे. शरीराची रोगाशी लढणारी फौज चुकून मेंदूवरच उलटते. २००७ मध्ये जोसेप दालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यांतला एक आजार ओळखला. बहुधा तरुण मुली. आठवडाभरात वागणं बदलतं, नसलेलं दिसतं, बोलणं थांबतं, तोंडाच्या विचित्र हालचाली होतात. मनोरुग्ण म्हणून त्यांची रवानगी होते. काहींच्या अंडाशयात एक गाठ सापडते आणि ती काढल्यावर मेंदू सुधारतो. न्यूयॉर्कमधल्या सुझाना कॅहलान या चोवीस वर्षांच्या पत्रकार मुलीला २००९ मध्ये हेच झालं होतं. डॉक्टरांनी तिला घड्याळ काढायला सांगितलं, तेव्हा तिनं सगळे आकडे एकाच बाजूला कोंबले. त्या कागदावरून मेंदूची एक बाजू सुजली आहे हे ताडता आलं. ती बरी झाली आणि तिनं त्यावर पुस्तक लिहिलं. कागद, पेन्सिल आणि एक घड्याळ: ही तपासणी अर्जुनी मोरगावच्या कोणत्याही केंद्रात होऊ शकते.

म्हाताऱ्यांत याचाच एक भाऊबंद आढळतो, एलजीआय-१ नावाच्या प्रथिनाविरुद्धचा. त्याची खूण घरच्यांना डॉक्टरांच्या आधी दिसते: चेहरा आणि त्याच बाजूचा हात क्षणभर आखडतो, दोन-तीन सेकंद, आणि सोडतो. दिवसात दहा वेळा, कधी शंभर वेळा. हातातला चहाचा कप सांडतो. लोक म्हणतात अंगात येतं, किंवा हात थरथरतो. सोबत सोडियम घसरलेलं असतं, विसरणं झपाट्यानं वाढत असतं. स्टेरॉइड वेळेवर दिली तर सुधारणा अशी दिसते की घरच्यांना विश्वास बसत नाही. त्यामुळे गावोगावच्या आशा ताईंना, म्हणजे आरोग्य स्वयंसेविकांना, माझा एकच हट्ट आहे. असा झटका दिसला की मोबाइलवर त्याची चित्रफीत घ्या. डॉक्टरांसमोर गेलं की झटका येत नाही, हा सगळ्यांचा अनुभव.

आणि मग तो आजार, ज्याच्यावर इलाज नाही.

१९२० मध्ये हान्स गेर्हार्ड क्रॉइट्झफेल्ट आणि १९२१ मध्ये आल्फोन्स याकोब या जर्मन डॉक्टरांनी झपाट्यानं मरण पावलेल्या रुग्णांची वर्णनं छापली. गंमत अशी की क्रॉइट्झफेल्टच्या रुग्णाला हा आजार होता की नाही याचीच आज शंका घेतली जाते. नाव मात्र दोघांचं चिकटलं. यात जंतू नाही, विषाणू नाही. मेंदूतलंच एक नेहमीचं प्रथिन चुकीच्या घडीत बसतं. इस्त्रीच्या कपड्यांच्या थप्पीत एक कपडा उलटा घडी झाला आणि त्याच्या संगतीनं शेजारचे सगळे तसेच उलटे होत गेले, अशी कल्पना करा. हळूहळू मेंदूला स्पंजासारखी छिद्रं पडतात. स्टॅन्ले प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये या चुकीच्या घडीच्या प्रथिनाला प्रायॉन हे नाव दिलं, तेव्हा पुष्कळ शास्त्रज्ञांनी त्यांची टिंगल केली. १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. बहुतेक रुग्णांत ही पहिली घडी का चुकते याला बाहेरचं कारण काही नसतं. माणूस महिन्यांत संपतो, निम्मे रुग्ण सहा महिनेही काढत नाहीत. भांडं पडल्याचा आवाज झाला की अंग दचकून उडतं, चालणं सुटतं, शेवटी बोलणं.

दर दहा लाख लोकांमागे वर्षाला एक-दोन, हा जगभर आढळणारा दर. २०११ च्या जनगणनेत गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाख २२ हजार होती. सरळ गुणाकार केला तर या जिल्ह्यात वर्षाला एखादा रुग्ण निघायला हवा. आपल्याकडे म्हातारी माणसं प्रमाणानं कमी म्हणून थोडा कमी धरा. तरी दहा वर्षांत चार-पाच घरं तरी या आजारातून जातात, आणि त्यांतल्या किती जणांना नाव कळलं असेल? बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत भारतातल्या रुग्णांची नोंद ठेवली जाते. १९७१ ते १९९० या वीस वर्षांचा आढावा तिथल्या पी. सतीशचंद्र आणि एस. के. शंकर यांनी १९९१ मध्ये छापला. एवढ्या मोठ्या देशाच्या मानानं रुग्ण मोजकेच. बाकीचे "वयाचं होतं" या सदरात गेले, असंच मी समजतो. आता एमआरआयवर मेंदूच्या कडेनं चमकणारी रेघ दिसते, आणि पाठीच्या पाण्यात चुकीची घडी शोधणारी चाचणीही निघाली आहे.

इलाज नाही तर नाव कशाला हवं, असं एका हुशार माणसानं मला विचारलं होतं. नाव हवं, कारण नाव नसेल तर करणी येते. पापुआ न्यू गिनीच्या डोंगरात फोरे नावाच्या जमातीत कुरू नावाचा आजार होता. बायका-मुलं थरथरत, हसत, मरत. फोरे लोक तो जादूटोणा मानत, आणि संशय शेजारच्या माणसावर जाई. १९५७ पासून कार्लटन गायदुसेक यांनी त्याचा पाठपुरावा केला आणि तो माणसापासून माकडाला देता येतो हे दाखवलं. १९७६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मृत नातेवाइकाचा मेंदू खाण्याच्या अंत्यविधीतून तो पसरत होता. ती प्रथा थांबली, आजार ओसरत गेला. कुरूही याच चुकीच्या घडीचा आजार. म्हणजे जादूटोण्याहून विचित्र कारण निघालं, पण त्या कारणासाठी कोणाला मारावं लागलं नाही. आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये आला, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर. कायदा पोलिसांच्या हातात असतो. गावात रात्री आठ वाजता "बुढ्यावर कोणी केलं" ही चर्चा सुरू होते तेव्हा तिथे पोलीस नसतात, आशा ताई असते. तिच्याजवळ आजाराचं नाव असेल तर चर्चा दुसरीकडे वळते. शिवाय घरच्यांना विचारायचं असतं ते वेगळंच: आम्हाला लागेल का? क्रॉइट्झफेल्ट-याकोब शिवल्यानं, भरवल्यानं, आंघोळ घातल्यानं, शेजारी झोपल्यानं होत नाही. हे कोणी ठामपणे सांगितलं की माणूस परसातल्या खोलीत एकटा मरत नाही.

परदेशी पुस्तकांतून आपण एक गोष्ट उसनी घेऊ नये. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या नामांकित केंद्रात झपाट्याच्या स्मृतिभ्रंशाचे निम्म्याहून जास्त रुग्ण प्रायॉनचे निघाले, कारण तशाच रुग्णांना तिथे पाठवलं जातं. ते वाचून आपला डॉक्टर घाबरला, हात टेकून बसला, तर नुकसान आपलं. भारतीय रुग्णालयांच्या अनुभवात जंतूंचे आणि प्रतिकारशक्तीच्या बिघाडाचे आजार खूप पुढे आहेत, आणि त्यांवर औषध आहे. म्हणून क्रम असा: आधी जे बरं होतं ते शोधून संपवायचं, मग जे बरं होत नाही त्याचं नाव घ्यायचं. उदासीनताही या शोधात धरायची. बायको गेल्यावर सहा महिने गप्प बसलेला माणूस विसरल्यासारखा दिसतो, आणि त्यालाही औषध आहे.

पुस्तकाबद्दल दोन शब्द. हे डॉक्टरांसाठी नाही, पण एखाद्या डॉक्टरानं वाचलं तर मला आवडेल. आशा, परिचारिका, मुलगे, सुना, भाचे, ज्याला म्हाताऱ्याबरोबर रांगेत उभं राहायचं आहे त्याच्यासाठी आहे. औषधांचे डोस यात मुद्दाम दिलेले नाहीत. नागपूरला जाताना कोणते कागद न्यायचे, जुने गोळ्यांचे पाकीट का टाकू नये, पाठीतून पाणी काढताना काय होतं, हे सारं दिलं आहे. काही शब्दांवर आमची भांडणं झाली. "स्मृतिभ्रंश" हा शब्द सालेकशाच्या आजीला कळत नाही, आणि "भुलणे" हा शब्द नागपूरच्या डॉक्टरांना पुरत नाही. दोन्ही ठेवले आहेत.

शेवटच्या पानावर एक कोरा तक्ता आहे. त्यात महिने नाहीत. मोहफूल, तेंदू, पऱ्हे, रोवणी, पोळा, दसरा, मंडई, चुरणे अशा चौकटी आहेत, आणि प्रत्येक चौकटीत दोन ओळींची जागा. पहिलं प्रकरण उघडण्याआधी तो भरा. पेन्सिलीनं भरा, कारण पहिल्या खेपेला क्रम चुकतो. एकानं भरू नका. थोरल्यानं भरला की तो धाकट्या सुनेकडे द्या, तिला विचारा, रोवणीच्या आधी काही झालं होतं का.